अंजनाबाई जामीन राहिली

मे महिन्यात आमच्याकडे दिवसाचं पहिलं काम म्हणजे गच्चीवरच्या गाद्या खाली आणणं. ऊन गच्चीवर चढायच्या आत त्या खाली आल्या नाहीत, तर रात्री त्यांच्यावर पाठ टेकवत नाही. त्या दिवशी नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत तापते नऊ दिवस, लागलेला होता. नळाला पाणी होतं, ह्यांचा चहा गॅसवर उकळत होता आणि मी कूलरच्या टाकीत बादली ओतत होते. तेवढ्यात दार वाजलं. आमचा दूधवाला कडी वाजवतो, भांडीवाली अंगणातूनच हाक मारते. हा आवाज लाकडावर लाकूड आपटल्याचा होता.

दारात हवालदार मोहोड उभे होते. काठी काखेत, टोपी हातात, मानेवर घामाचे ओघळ.

"बाई, साहेब आहेत का?"

"आंघोळीला गेलेत. काय काम होतं?"

"काम तुमच्याशीच आहे तसं. तुम्ही लोक गच्चीवर झोपता नं?"

आम्ही कुठं झोपतो हे पोलिसाला कसं ठाऊक, असं मी विचारणारच होते. मग लक्षात आलं, नागपुरातल्या हुडकेश्वर रस्त्यावरच्या, प्लॉट पाडून वसवलेल्या आमच्या नव्या लेआउटमध्ये या दिवसांत गच्चीवर न झोपणारा माणूस शोधावा लागला असता.

"तुमच्या गच्चीवरून हिचं मागचं अंगण दिसते का?" त्यांनी काठीनं मागं दाखवलं.

फाटकापाशी अंजनाबाई उभी होती. आमच्या मागच्या बाजूला जुन्या वस्तीतलं तिचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. ती रामदासपेठेत एका दवाखान्यात आया होती. निळ्या काठाचं पांढरं लुगडं नेसून, सायकल हातात धरून ती कामाला निघालेली दिसत होती. तिच्या मागं, कुंपणाच्या खांबाला टेकून तिचा धाकटा भाऊ गोविंदा उभा होता. तो मात्र आमच्याकडे बघत नव्हता.

"काल रातच्याले मी निगराणीले आलतो," मोहोड म्हणाले. "खिडकीतून टॉर्च मारला. घरात कोणी नाही. खाटा नाही, माणूस नाही. म्या लिहून टाकलं, गैरहजर."

"खाटा मागच्या अंगणात होत्या जमादार," अंजनाबाई तिथूनच म्हणाली. "या गर्मीत पत्र्याखाली कोण झोपते? तुम्ही मागं आलेच नाही. कुत्र्याले भेले."

"कुत्र्याले कोण भेते? पण कागदावर काय लिहिलं आहे तुह्या? घराच्या आत. दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत घराच्या आत. अंगण घराच्या आत येते का?"

"तुमची ड्युटी नसते तवा तुम्ही कुठं झोपता?"

"पोलीस लाइनीच्या मैदानात. सारेच झोपतात."

"मंग तुमाले कोण गैरहजर लिहिते?"

मोहोडांना हसू आलं, पण त्यांनी ते टोपी घालून झाकलं. मग ते माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही शिकलेल्या आहा. पहाटे उठल्यावर तुम्ही काय पाहिलं तेवढं सांगा. जे पाहिलं तेच."

मी पाहिलं होतं ते असं. उजेड फुटता फुटता मी उठून कठड्यापाशी आले, तेव्हा मागच्या अंगणात दोन खाटा जवळजवळ टाकलेल्या होत्या. एकीवर कोणीतरी डोक्यापासून पायापर्यंत चादर ओढून पडलेलं होतं. दुसरीवर अंजनाबाई उठून बसली होती. तिची नजर वर माझ्याकडे गेली आणि तिनं घाईघाईनं हातातलं काहीतरी गोल गोल गुंडाळून पदराखाली घेतलं. वेटोळं होतं ते. लांब, बारीक. एवढंच.

"खाटेवर माणूस होता," मी म्हणाले. "तोंडावर चादर होती. कोण होता ते मला नाही सांगता येणार."

हे बोलताना मी अंजनाबाईकडे बघितलं. ती माझ्या तोंडाकडे टक लावून होती, पुढचा शब्द कोणता निघतो याची वाट बघत. वेटोळ्याबद्दल मी काहीच बोलले नाही. तेव्हा तिनं सायकलच्या हँडलवरची मूठ सैल केली. ते माझ्या नजरेतून सुटलं नाही, आणि त्याच क्षणी माझ्या मनात संशय शिरला तो पुढं सात महिने राहिला.

कारण गोविंदा ज्या गुन्ह्यात आत गेला होता, तो गुन्हा तांब्याच्या तारेचा होता.

सावनेरकडच्या एका कोळशाच्या खाणीवर तो गोदामाचा चौकीदार होता. तिथून एका रात्री तारेची भेंडोळी गेली. ट्रक पकडला, ट्रकवाले पळाले, गोविंदा सापडला. तो म्हणायचा, मी फक्त फाटक उघडलं, साहेबाची गाडी समजून. कोर्टानं ते मानलं नाही. अर्धी शिक्षा भोगल्यावर चांगल्या वागणुकीमुळं त्याला अटीवर सोडलं. अट अशी की बहिणीनं जामीन राहायचं, त्यानं बहिणीच्याच घरी राहायचं, दिवसा कामधंदा करायचा आणि दिवेलागणीनंतर घराच्या आत असायचं. पोलीस केव्हाही येऊन बघतील. पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत. यात चूक झाली तर उरलेली शिक्षा तुरुंगात.

मी दिलेली साक्ष ठाण्यात कामी आली म्हणे. साहेबांनी मोहोडांचं 'गैरहजर' खोडलं नाही, पण या खेपेला समज देऊन सोडलं. पुन्हा असा शेरा पडला तर थेट आत. ते गोविंदाला नाही, अंजनाबाईला उभं करून सांगितलं. जामीन तीच होती ना.

अंजनाबाईबद्दल इथं सांगायला हवं. ती आपलं वय छप्पन सालच्या धम्मदीक्षेवरून सांगायची. "दीक्षा झाली तवा मी चौथीत होते, गोविंदा मायच्या पोटात होता." वडील गिरणीत विणकर होते. गोविंदाच्या जन्मानंतर आई फार दिवस राहिली नाही, आणि चौथीतली पोर त्या बाळाची आई झाली. त्याला कडेवर घेऊनच ती सातवीपर्यंत शाळेत गेली. मास्तर म्हणायचे, अंजना, एक पाटी त्यालाही आण. लग्न झालं, नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. दवाखान्यात आयाचं काम मिळालं, तेव्हा तिनं आधी सायकल घेतली आणि मग घरावर पत्रे टाकले. हुडकेश्वरपासून रामदासपेठेपर्यंत ती रोज सायकल मारायची, पावसाळ्यात एका हातात छत्री धरून.

स्वभावानं ती कोणावर पटकन विश्वास ठेवणाऱ्यांतली नव्हती. दूध घेताना आधी वास घ्यायची. भाजीवालीनं एक मिरची जास्त टाकली, तर "काहून वं, आज काय सडलेलं देऊन राहिली?" म्हणून खालची भाजी वर करून बघायची. घराची चावी पदराच्या गाठीत. आमच्याकडे ती संध्याकाळी पेपर वाचायला यायची, तो अख्खा वाचायची, आणि शेवटी घडी घालताना म्हणायची, "छापलं तर आहे. आता खरं किती ते पाहा." मला ती आवडायची, ते यामुळंच असेल. मी बी.ए. झाल्यावर ज्या घरात आले, तिथं सगळे सगळ्यावर विश्वास ठेवून मोकळे होत असत.

पण त्या सकाळनंतर ती पेपर वाचायला आली नाही. उरलेला उन्हाळा ती दोघं पत्र्याखाली झोपली. मागच्या अंगणात खाटा पुन्हा दिसल्या नाहीत. पत्र्याचं घर दिवसभर तापतं आणि रात्रभर ते ऊन आत सोडतं. आमच्या गच्चीवर जरा तरी वारा असायचा. मी मधेच उठून कठड्यावरून खाली बघायचे. बंद दार, बंद खिडकी, आणि कधीतरी आतून तांब्याभर पाणी जमिनीवर ओतल्याचा आवाज. एक दिवस ती दवाखान्यात पोछा मारता मारता खाली पडली. ज्या खाटेची चादर ती रोज बदलायची, त्याच खाटेवर तिला सलाईन लावलं. मी भेटायला गेले तर म्हणाली, "पाहा ताई, आज मी पेशंट आणि माह्यी ड्युटी दुसरीच करून राहिली. तिले कोपरे झाडता येत नाही."

गोविंदानं तोवर खाटा विणायचा धंदा धरला होता. सुतळीच्या, नवारीच्या. तुरुंगात तो सतरंज्या विणायला शिकला होता, हात बसलेला होता. लेआउटमधले लोक त्याला खाटा द्यायचे, पण आपल्या अंगणात बसवायचे नाहीत. खाट उचलून ने, विणून आणून दे. आमची एक खाट झोळी झाली होती. हे म्हणाले, त्यालाच दे. मी म्हटलं, इथंच बसून विणू दे. माझ्या डोळ्यासमोर असलेलं बरं, असा माझा हिशोब होता.

तो बदामाच्या झाडाखाली बसून विणायला लागला. मी तांदूळ निवडत पायरीवर. माणूस मान वर करत नव्हता, पण आमच्या गच्चीकडे मात्र दोनदा बघितलं त्यानं. शेवटी म्हणाला, "बाई, तुमच्या गच्चीवरून आमचं अंगण पूर्ण दिसते का?"

"दिसतं की. का?"

"काही नाही. विचारलं."

"काय दिसू नये असं वाटतं तुम्हाला?"

त्यानं सुतळी दाताखाली धरून ताणली. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी बघितल्या. त्या रात्री मी ह्यांना म्हटलं, "त्या दोघांच्या अंगणात काहीतरी आहे." हे म्हणाले, "अंगणात काय असणार? तुळस." मी म्हटलं, "त्यांच्याकडे तुळस नसते." मग ह्यांनी कूस बदलली. ह्यांच्याशी संशयाच्या गोष्टी बोलून उपयोग नसतो. नाव मनोहरराव, सगळंच ह्यांना छान वाटतं.

पाऊस गेला, दसरा गेला, कूलर माळ्यावर गेले. अंजनाबाई हळूहळू पुन्हा पेपर वाचायला येऊ लागली, पण दाराशीच बसायची आणि अंगणाचा विषय निघाला की उठायची. मीही काढला नाही. एखादी गाठ नखानं सुटत नसेल तर तिला थोडे दिवस तसंच ठेवावं, असं मला वाटतं.

डिसेंबरात विधानसभेचं अधिवेशन नागपुरात भरलं, आणि दरवर्षीप्रमाणं माझे दीर आमच्याकडे उतरले. शरच्चंद्रभाऊजी आमदार होते. आमदार निवासात खोली मिळायची, ती ते कार्यकर्त्यांना द्यायचे आणि स्वतः जेवायला, झोपायला आमच्याकडे. म्हणायचे, तिथल्या डाळीत डाळ शोधावी लागते. माणूस प्रेमळ, बोलका. पण त्यांच्या प्रत्येक प्रेमळ प्रश्नाचं पुढं भाषण होतं, हे मी अनुभवानं शिकले होते.

त्या दिवशी मी सांबारवड्या तळत होते. हिरवागार सांबार, म्हणजे कोथिंबीर, बाजारात आला की आमच्याकडे त्या झाल्याच पाहिजेत. भाऊजी ताटावर बसून कागद चाळत होते. म्हणाले, "वहिनी, यंदा एक मजेदार ठराव आहे. लहान गुन्ह्यातल्या कैद्यांना तुरुंगात न ठेवता घरी ठेवावं म्हणून. तिकडं अमेरिकेत पायात एक पट्टा बांधतात म्हणे. माणूस घराबाहेर गेला की टेलिफोनवरून पोलिसांना कळतं."

"तुम्ही कोणत्या बाजूनं बोलणार?"

"अजून ठरवलं नाही. एखादं उदाहरण हवं, आपल्या मातीतलं."

आणि इथं ह्यांनी, वडीचा घास तोंडात असताना, अंजनाबाईची सगळी हकीकत सांगून टाकली.

संध्याकाळी अंजनाबाई पेपर वाचायला आली, तर भाऊजी स्वतः उठून तिला खुर्ची द्यायला लागले. ती खुर्चीकडे आणि मग भाऊजींकडे बघत उभीच राहिली. माझ्याकडे वळून म्हणाली, "इलेक्शन आलं का वं ताई?"

"नाही नाही," भाऊजी हसले. "तुमच्यासारख्या बाईचा आदर्श सभागृहापुढं ठेवायचाय."

"माह्यं नाव घ्यान का तिथं?"

"तुम्ही म्हणाल तर घेईन."

"नका घेऊ. गावाचं नाव नका घेऊ, त्याचंही नका घेऊ. आणि ऐकाले मले बोलवा. मागून छापून आलेलं मी मानत नाही."

भाऊजींना हे भाषणातल्या टाळीसारखं वाटलं. त्यांनी लगेच आम्हा दोघींसाठी प्रेक्षक गॅलरीचे पास आणले.

आम्ही सायकल रिक्षानं गेलो. तिनं रजा टाकली होती आणि घडीचं लुगडं नेसली होती. दारात झडती घेणाऱ्या बाईनं तिच्या पदराची गाठ दाबून बघितली. "हे काय आहे?"

"चावी आहे. माह्या घरची. तुमच्या विधानसभेची नाही."

वर गेलो. खाली हिरवे बाक, पंखे बंद, काही सदस्य शाल पांघरून. गॅलरीतला पहारेकरी आमच्या ओठांवर नजर ठेवून होता, कुजबुज करायची सोय नव्हती.

ठराव मांडणारे सदस्य तरुण होते. मनापासून बोलले. तुरुंग भरलेले आहेत, लहान चोर आत जातो आणि मोठा होऊन बाहेर येतो, घर तुटतं, पोरं रस्त्यावर येतात. परदेशात पायाला बांधायचं यंत्र निघालंय, आपणही विचार करावा. त्यांनी आपल्या पायाचा घोटा बोटानं दाखवला, कुठं बांधतात ते. तेव्हा अंजनाबाईनं पदर तोंडावर घेतला. मला वाटलं खोकला आला. बघते तर तिचे खांदे हलत होते. ती हसत होती की रडत, ते पदरामुळं कळेना.

एक वयस्कर सदस्य उठले. "अध्यक्ष महाराज, आमच्या तालुक्यातून नागपूरचा ट्रंक कॉल लागेपर्यंत चोर सावनेरला जाऊन, चोरी करून, जेवून परत येईल." सगळं सभागृह हसलं. दुसरे म्हणाले, "चोराला घरी ठेवायचं म्हणजे शेजाऱ्याच्या उशाशी ठेवायचं. माननीय सदस्यांनी पहिला आपल्या शेजारी ठेवावा." पुन्हा हशा. कोणी विचारलं, पट्टा आंघोळीत काढायचा का. कोणी म्हणालं, यंत्र परदेशातून येणार, मग दलालीही येणार. त्या वाक्याला समोरच्या बाकांवरून आरडाओरडा झाला आणि पट्टा बाजूलाच राहिला.

मग भाऊजी उभे राहिले. आवाज चांगला लावला होता. "अध्यक्ष महाराज, यंत्राची गरज काय? माझ्या माहितीत एक भगिनी आहे. भाऊ अटीवर सुटलेला. ती त्याची जामीन आहे. रात्रंदिवस डोळ्यांत तेल घालून ती त्याच्यावर लक्ष ठेवते. सरकारचा एक पैसा खर्च नाही. अशा भगिनी, अशा माता आपल्या घरोघरी आहेत. आपली कुटुंबसंस्था हेच आपलं यंत्र." बाकं वाजली. खूप वाजली.

मी अंजनाबाईकडे बघितलं. ती आता हसत नव्हती. पदराची गाठ मुठीत धरून ती सरळ समोर बघत होती. ठराव शेवटी मागं घेतला गेला, सरकार योग्य तो विचार करील असं मंत्र्यांनी सांगितलं, आणि दुसरा विषय निघाला.

परतताना रिक्षा चढावर आली तेव्हा ती बोलली.

"ताई, तो पोरगा पाय दाखवून राहिला होता नं, घोटा? मी तिथंच बांधत होते."

"काय?"

"दोरी. खाटेची सुतळी, चांगली वळलेली. एक टोक गोविंदाच्या पायाले, एक माह्या मनगटाले. उन्हाळ्यात अंगणात झोपाचं तर आमचं अंगण पाहिलं तुम्ही. भिंत नाही, काटे टाकले आहेत, त्याच्या मागं लेआउटचं मैदान. कोणीही येऊ शकते, कोणीही जाऊ शकते. मी दिवसभर दवाखान्यात उभी राहाचे, पडलं का झोप. तो उठून गेला तर मले काय समजन? म्हणून बांधली."

पदराखालचं वेटोळं मला आता दिसलं. तारेचं नव्हतंच ते.

"त्यानं बांधू दिली?"

"पहिल्या दिवशी बोलला नाही माह्याशी. दुसऱ्या दिवशी सोताच पाय पुढं केला. बत्तीस वर्षांचा माणूस, ताई. मी त्याले बकरीसारखा बांधला. त्याच्या डोळ्यातलं पाणी मले अंधारात दिसत नोतं म्हणून बांधू शकले." रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघून तिनं आवाज खाली आणला. "त्या दिवशी जमादारापुढं तुम्ही दोरीचं सांगता का काय, याचंच मले भेव. सांगितलं असतं तर गोविंदा तिथं होता हे पटलं असतं जमादाराले. पण मंग साऱ्या लेआउटनं त्याले बांधलेला म्हटला असता. खाट कोण देईल त्याले विणाले?"

"पण मग तुमचा विश्वास नव्हता त्याच्यावर."

"नाही." तिनं सरळ सांगितलं. "अजून पुरता नाही. फाटक त्यानं काहून उघडलं, ते मी त्याले आजपर्यंत पाच खेपा विचारलं. पाची खेपा तो तेच सांगते. पण मी दवाखान्यात काम करते, ताई. दुखते कुठं ते पेशंट पाची खेपा तेच सांगते, आणि दुखणं दुसरीकडेच निघते. भाऊ माह्या हातचा आहे, म्हणून तर डोळा ठेवते." मग म्हणाली, "तुमचे दीर म्हणाले, यंत्राची गरज काय. कशी नाही गरज? यंत्राले झोप येत नाही, घाम येत नाही. माह्याहून ते चांगलं राहिलं असतं."

ही दोरीची गोष्ट पुढं काही वर्षांनी तिनं स्वतःच आमच्या अंगणात चार बायकांत हसत हसत सांगितली, म्हणून मी इथं लिहिते आहे. त्या दिवशी मात्र तिनं रिक्षातून उतरताना माझा दंड धरून बजावलं होतं, घरात बोलायचं नाही.

संध्याकाळी भाऊजी आले ते खुशीत. अंजनाबाई तेव्हा दाराशी पेपर घेऊन बसली होती. मागं गोविंदाही उभा होता. दिवे लागायला अजून अवकाश होता, आणि आमची दुसरी खाट न्यायला तो आला होता. ह्यांनी खाट बाहेर काढायला त्याला हात दिला, असं पहिल्यांदाच घडलं.

"काय अंजनाबाई, कसं झालं भाषण?" भाऊजी म्हणाले.

"चांगलं झालं. बाकं लई वाजले."

"तुमचं नाव नाही घेतलं बघा."

"नाही घेतलं. ध्यान होतं माह्यं."

"मग आता तुम्ही काहीतरी मागा. तुमच्यामुळं आमचं भाषण गाजलं. गृहखात्यात माझी ओळख आहे. भावाची अट उठवायची असेल तर तसं सांगा, अर्ज लिहू."

मी तव्यावरची पोळी तशीच सोडून दाराशी आले. गोविंदानं खाट खाली टेकवली. अंजनाबाईनं भाऊजींकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, दुधाचा वास घेते तसं. एवढं मोठं कोणी सहज देत असेल तर खालची भाजी वर करून बघायला हवी, हे तिच्या तोंडावर स्पष्ट होतं.

"उठवाल तुम्ही?"

"प्रयत्न करू. सांगता येत नाही, पण करू."

"राहू द्या मंग. जे सांगता येत नाही ते नको." तिनं पेपरची घडी घातली. "दिवाळीपर्यंत मी त्याले सांभाळीन. जमादार येऊ द्या, टॉर्च मारू द्या, त्याचं काही नाही. पण मधात एक उन्हाळा आहे. मागच्या उन्हाळ्यात आम्ही पत्र्याखाली झोपलो, तर मले सलाईन लागलं. मी पडले तर त्याले कोण पाहीन? आणि बाहेर झोपलो तर एक शेरा, का तो आत."

"हं," भाऊजी म्हणाले. भाषणासाठी त्यांना यातलं काही सापडत नव्हतं, हे मला दिसत होतं. "मग नक्की हवं काय तुम्हाला?"

अंजनाबाईनं एकदा गोविंदाकडे बघितलं. तो खाटेच्या लाकडावर बोट फिरवत होता.

"साहेब, त्या कागदावर 'घराच्या आत' लिहिलं आहे," ती म्हणाली. "त्याच्या बाजूले येवढंच लिहून आणा, का उन्हाळ्याचे दिवस आमचं मागचं अंगणही घरातच धरावं."